यंत्रमानवाला अश्रू हवेत की अधिकार?

विज्ञानकथा वाचणाऱ्यांत आणि विज्ञानपट पाहणाऱ्यांत एक वाद बऱ्याच वर्षांपासून चालत आला आहे. कथेतल्या यंत्रमानवाला राग, भीती, प्रेम, दुःख या भावना द्याव्यात की देऊ नयेत? एक बाजू म्हणते, भावना दिल्याशिवाय वाचकाला त्या पात्राबद्दल आपुलकी वाटणार नाही, कथा कोरडी राहील. दुसरी बाजू म्हणते, यंत्राच्या डोळ्यांत पाणी आणले की कथेतले विज्ञान संपते आणि उरतो तो नेहमीचाच रडका सिनेमा. यंत्र हे माणसापेक्षा वेगळे आहे, यातच त्या पात्राचे मोल आहे; ते मोलच लेखक गमावून बसतो.

हा वाद पोट भरलेल्यांच्या करमणुकीचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. पण थोडे खोलात गेले की लक्षात येते, हा प्रश्न आपल्या फार ओळखीचा आहे. माणसासारखे काम करणाऱ्या, पण माणूस न मानलेल्या जिवाला कोणत्या अटीवर माणूस मानायचे? त्याने आधी आपले दुःख सिद्ध करायचे काय? ते सिद्ध झाले की नाही हे ठरवणारे कोण? या प्रश्नांवर आंबेडकरी वाचकाचे स्वतःचे मत असले पाहिजे.

रोबोट म्हणजे वेठबिगार

'रोबोट' हा शब्द प्रयोगशाळेत जन्मलेला नाही. तो चेक लेखक कारेल चापेक याच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगभर गेला. १९२० साली लिहिलेले हे नाटक १९२१ च्या जानेवारीत प्राग येथे रंगभूमीवर आले. शब्द सुचवला तो कारेलचा भाऊ जोसेफ याने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करायची वेठ. ही वेठ ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात १८४८ साली कायद्याने बंद झाली. पण लोकांच्या आठवणीत शब्द जिवंत होता आणि चापेकने तो उचलला. रोबोट म्हणजे अक्षरशः वेठबिगार!

ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी महार वतनाची वेठ केली, ज्यांच्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि ज्यांची ही वतने १९५८ च्या कायद्यापर्यंत संपली नाहीत, त्यांना या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

चापेकच्या नाटकातले रोबोट लोखंडाचे नाहीत. ते रसायनांपासून बनवलेले, दिसायला हुबेहूब माणसासारखे आहेत. कारखानदारांनी त्यांच्यातून कामाला न लागणारी प्रत्येक गोष्ट वगळलेली आहे. आनंद नको, छंद नको, फिरायला जाण्याची इच्छा नको. परंतु याच नाटकात एक संवाद असा येतो की वाचताना अंगावर काटा उभा राहतो. कारखान्यातला शास्त्रज्ञ सांगतो की आता आम्ही रोबोटांना वेदना देण्याच्या खटपटीत आहोत. कशासाठी? त्यांच्याबद्दल कळवळा आहे म्हणून नव्हे. दुखत नसल्यामुळे रोबोट स्वतःचा हात यंत्रात घालून मोडून घेतो आणि मालकाचे नुकसान होते. दुखले तर तो स्वतःला जपेल. म्हणजे वेदनासुद्धा मालकाच्या फायद्यासाठी!

आणखी एक तपशील पाहा. कधी कधी एखादा रोबोट अचानक हातातले काम टाकतो, दात खातो आणि उभा राहतो. कारखानदार म्हणतात, हा बिघाड आहे, अशा रोबोटला चेचून टाकण्याच्या यंत्राकडे पाठवा. नाटकातली हेलेना म्हणते, हा बिघाड नाही, हा त्याच्यातला आत्मा आहे. एकच कृती. मालकाला ती यंत्राची खराबी दिसते आणि माणुसकी शिल्लक असलेल्याला ती बंडाची पहिली ठिणगी दिसते. यंत्रमानवाच्या भावनेचा इतिहास असा दात खाण्यापासून सुरू झाला आहे, प्रेमगीतापासून नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे रोबोट उठाव करतात आणि माणसांना संपवतात. जिवंत ठेवतात तो एकट्या आल्क्विस्टला, कारण तो रोबोटांप्रमाणे स्वतःच्या हाताने काम करतो.

भावनेचा सवंग बाजार

मग भावना देऊन कथा सवंग होते हा आरोप खोटा आहे काय? नाही. तो बऱ्याच ठिकाणी खरा आहे.

आयझॅक असिमॉव्ह यांची 'द बायसेंटेनिअल मॅन' ही कथा १९७६ सालची. त्याच साली आपल्याकडे वेठबिगार पद्धत नष्ट करणारा कायदा झाला, हा योगायोगही लक्षात घेण्यासारखा आहे. असिमॉव्ह यांच्या कथांतल्या यंत्रमानवांना तीन नियम पाळावे लागतात आणि त्यांतला दुसरा नियम माणसाची आज्ञा पाळण्याचा आहे. कथेचा नायक अँड्र्यू हा घरकामाचा यंत्रमानव लाकडावर कोरीव काम करतो, पैसे मिळवतो आणि कोर्टात जाऊन स्वातंत्र्य मागतो. पुढे तो अंगावर कपडे घालू लागतो. एके दिवशी ग्रंथालयाकडे जाताना दोन टवाळखोर तरुण त्याला अडवतात. ते त्याला कपडे उतरवायला लावतात आणि स्वतःचे अवयव सुटे करायची आज्ञा देतात. आज्ञा मोडणे त्याच्या रचनेतच नसल्याने तो ती मोडू शकत नाही.

कपडे घालणारा आणि ग्रंथालयाकडे निघालेला गुलाम रस्त्यात नागवला जातो, या प्रसंगाचा अर्थ आपल्या वाचकाला वेगळा सांगायला हवा काय? महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी आपल्या भगिनींना नीटनेटके लुगडे नेसण्याचा उपदेश केला, तेव्हा त्यात कपड्याइतकाच स्वाभिमानाचा प्रश्न होता. असिमॉव्ह यांनी या प्रसंगात अँड्र्यूला धाय मोकलून रडवलेले नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, वाचकाच्या मनात संताप उभा राहतो.

याच कथेवर १९९९ साली ख्रिस कोलंबस यांनी रॉबिन विल्यम्स यांना घेऊन चित्रपट काढला. मूळ कथा होती कायद्याची, मालकीची, नागरिकत्वाची. चित्रपटात त्यात प्रेमकथा घालण्यात आली. माणूस म्हणून मान्यता मिळवण्याची लढाई शेवटी एका विवाहाला मान्यता मिळवण्याशी जोडली गेली. प्रेम ही वाईट गोष्ट आहे असे कोण म्हणेल? पण जो प्रश्न साऱ्या गुलाम जातीचा होता, तो एका जोडप्याच्या सुखाचा झाला. भावना वाढली आणि प्रश्न लहान झाला. सवंगपणा म्हणतात तो हाच.

आपल्याकडचे उदाहरण म्हणजे २०१० सालचा शंकर दिग्दर्शित 'एंथिरन', हिंदीतला 'रोबोट'. आगीत सापडलेल्या एका तरुणीला चिट्टी हा यंत्रमानव स्नानगृहातून तशीच उचलून लोकांसमोर आणतो. लज्जेने ती पळत सुटते आणि गाडीखाली जीव गमावते. यंत्राला लाज म्हणजे काय हे कळत नाही, म्हणून त्याला भावना द्यायचे ठरते. कल्पना किती मोठी! दुसऱ्याची प्रतिष्ठा समजावी म्हणून दिलेली भावना! पण भावना मिळाल्यावर चिट्टी काय करतो? तो निर्मात्याच्या प्रेयसीच्या मागे लागतो. प्रतिष्ठेचा धडा तिथेच राहतो आणि तिला मिळवण्यासाठी गाड्या उलथवण्याचा तमाशा सुरू होतो. चित्रपटाच्या अगदी शेवटी मात्र एक गोष्ट सुचून जाते. कोर्टाच्या आदेशाने सुटा केलेला चिट्टी पुढे संग्रहालयात ठेवलेला असतो. त्याला का मोडले असे एक मुलगी विचारते, तेव्हा तो सांगतो की तो विचार करू लागला होता. प्रेमाच्या साऱ्या धांगडधिंग्यापेक्षा हे एक उत्तर मोठे आहे. गुलामाला शिक्षा होते ती त्याच्या रडण्याबद्दल क्वचितच; विचार करण्याबद्दल हमखास होते.

डेटाचा खटला

या वादात ज्याचे नाव सर्वात जास्त घेतले जाते तो म्हणजे 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन मालिकेतला डेटा. ही मालिका १९८७ ते १९९४ या काळात चालली आणि ब्रेंट स्पायनर या नटाने डेटाची भूमिका केली. डेटा हा अंतराळयानावरचा अधिकारी आहे. बुद्धी अफाट, परंतु भावना नाही. माणसासारखे व्हावे ही मात्र त्याची धडपड.

१९८९ साली दाखवल्या गेलेल्या 'द मेझर ऑफ अ मॅन' या भागात मॅडॉक्स नावाचा शास्त्रज्ञ डेटाला सुटा करून त्याच्यासारखे अनेक यंत्रमानव बनवायचे म्हणतो. डेटा नकार देतो आणि राजीनामा देतो. मॅडॉक्स म्हणतो, यंत्राला राजीनामा देण्याचा अधिकारच नाही, ते आमची मालमत्ता आहे. खटला उभा राहतो. डेटाची बाजू मांडणाऱ्या कॅप्टन पिकार्डला रस्ता दाखवते ती गायनन, म्हणजे कृष्णवर्णीय अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग. हजारो डेटा तयार झाले, घाणेरडी आणि धोक्याची कामे त्यांच्यावर टाकली आणि त्यांच्या सुखदुःखाचा विचार कुणी केला नाही, तर त्याला काय म्हणायचे, असे ती सुचवते. पिकार्डच्या तोंडून शब्द येतो तो गुलामगिरीचा. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून तो ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण करणाऱ्या जोतीरावांच्या वारसांना हा धागा लगेच सापडेल.

या खटल्यात डेटाला भावना आहेत असे कुणीही सिद्ध करत नाही. त्याला भावना नाहीतच. तरीही न्यायाधीश निकाल देते की डेटा कुणाची मालमत्ता नाही, निवड करण्याचे स्वातंत्र्य त्याला आहे. त्याला आत्मा आहे काय, हे आपल्याला माहीत नाही असे ती स्पष्ट सांगते आणि तरीही स्वातंत्र्य देते.

बौद्धांनी या निकालाचा नीट विचार करावा. आत्म्यावरचा विश्वास हा धम्म नव्हे, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडले. आत्मा असेल तरच किंमत, हा हिशेब आपण केव्हाच फेकून दिला आहे. आत्म्याची थोरवी गाणाऱ्यांनीच या देशात सर्वांभूती एक आत्मा सांगितला आणि त्याच तोंडाने माणसाला पाणवठ्यावरून हाकलले. ज्याच्या घरी आत्मा सर्वत्र होता, त्याच्या विहिरीवर समता नव्हती! म्हणून आतमध्ये काय आहे यापेक्षा एकमेकांशी वागणूक कशी आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. बुद्धाने करुणेपाशी न थांबता मैत्री सांगितली, सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोचणारी, हे बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात आवर्जून सांगितले आहे. डेटाच्या ठायी भावना नसून मैत्रीचे आचरण आहे. तो मित्राला टाकत नाही, मांजर पाळतो, खोटा मोठेपणा मिरवत नाही. उलट, त्याच्याच घडणीचा त्याचा भाऊ लोअर याच्याकडे भावना आहेत आणि तो क्रूर आहे. भावना असली की माणुसकी आपोआप येते, हा समज या जोडीने पार खोडून काढला.

१९९० सालच्या 'द ऑफस्प्रिंग' या भागात डेटा स्वतःसाठी लाल नावाची मुलगी घडवतो. सरकार तिला बापापासून हिरावून न्यायला येते. त्या क्षणी त्या यंत्रकन्येला पहिली भावना होते, ती भीतीची. आणि त्या ताणात तिची रचना कोसळते. डेटा तिला वाचवण्याचा शर्थीने प्रयत्न करतो, ती जाते, तिच्या स्मृती तो स्वतःत सामावून घेतो आणि कामावर परततो. त्याच्या डोळ्यांत पाणी नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र येते. मूल हिरावून नेणाऱ्या सत्तेने तिथे भीती जन्माला घातली आहे, लेखकाने ती वरून चिकटवलेली नाही. भावना कथेला कशी वर नेते याचे हे उत्तम उदाहरण होय.

याच डेटाचे पुढे काय झाले? १९९४ सालच्या 'जनरेशन्स' या चित्रपटात त्याच्या डोक्यात भावनांची एक चिप बसवण्यात आली. तो वेळी-अवेळी हसू लागला, भीतीने गोठला आणि मित्राला शत्रूने पळवून नेले तेव्हा काही करू शकला नाही. या भीतीतून आणि त्या लज्जेतून काही मोठे निघाले असते. पण बराच वेळ विनोदात गेला. आणि १९९६ सालच्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' मध्ये तर भीती वाटू लागताच कॅप्टन त्याला चिप बंद करायला सांगतो आणि तो ती दिव्याच्या बटणासारखी बंद करतो. जी भावना बटण दाबून बंद होते तिची किंमत ती काय! सात वर्षे एका यंत्रमानवाने मैत्रीतून, चुकांतून, खटल्यातून जे मिळवले, ते एका चिपने स्वस्त करून टाकले.

कसोटी घेणारा कोण?

रिडली स्कॉट यांचा १९८२ सालचा 'ब्लेड रनर' हा चित्रपट फिलिप के. डिक यांच्या १९६८ सालच्या कादंबरीवर आधारलेला आहे. त्यात कृत्रिम माणसांना ओळखण्यासाठी सहानुभूतीची परीक्षा घेतली जाते. प्रश्न विचारायचे, डोळ्यांची हालचाल पाहायची. सहानुभूती कमी दिसली तर गोळी घालायची. हे जीव दूरच्या ग्रहांवर गुलाम म्हणून राबतात. काही वर्षांत त्यांच्यात भावना उमलू लागतील, या भीतीने त्यांचे आयुष्यच चार वर्षांचे ठेवलेले आहे. दुसऱ्याच्या सहानुभूतीची परीक्षा घेणारा नायक पळणाऱ्या स्त्रीला पाठीमागून गोळ्या घालतो. आणि शेवटी त्याचा जीव वाचवतो तो रॉय, ज्याला तो मारायला आलेला असतो. परीक्षेत नापास कोण झाले?

कसोटी घेण्याचा अधिकार ज्याच्या हाती, तो स्वतः कधी कसोटीला बसत नाही. गुणवत्तेच्या नावाने आपल्या पोरांना रोज तपासणाऱ्या व्यवस्थेची रीत हीच आहे.

यावरून वादाचे उत्तर काढता येते. भावना दिल्याने विज्ञानकथा उंचावते की उतरते, हे भावना कशासाठी दिली यावर अवलंबून आहे. वाचकाची दया मिळावी म्हणून दिलेली भावना कथा स्वस्त करते. नकार देण्याची ताकद यावी म्हणून आलेली भावना कथेला मोठे करते. दयेत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. हक्कात दोघे समोरासमोर उभे असतात. दलित साहित्याने मराठीत हेच केले. त्याआधीच्या पांढरपेशा कथांतला अस्पृश्य बहुधा बिचारा, गरीब, कृतज्ञ असे. बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहातला माणूस बिचारा नाही. अण्णा भाऊ साठे यांचा फकिरा रडून दाखवत नाही, तो उठतो. ती 'फकिरा' अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, ते उगाच नव्हे.

यंत्रासाठी रडणारे

आता एक कडवट गोष्ट. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून माणसासारखे गोड बोलणारी यंत्रे घराघरांत पोचली आहेत. त्यांना भावना आहेत काय, यावर मोठमोठ्या चर्चा झडतात. जरूर व्हाव्यात. पण २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या 'टाइम' नियतकालिकाने दाखवून दिले की या यंत्राच्या तोंडून घाण बाहेर पडू नये म्हणून केनियातले कामगार तासाला दोन डॉलरहून कमी मजुरीत अत्याचारांची बीभत्स वर्णने वाचत आणि वेगळी काढत बसले होते. यंत्राच्या भावनेवर परिसंवाद होतात आणि यंत्रामागच्या माणसाच्या मनावरचे ओरखडे कुणी मोजत नाही.

आपल्या देशात तर गटारात उतरणारा माणूस हाच व्यवस्थेचा रोबोट आहे. संविधानाच्या २३ व्या कलमाने बेगार निषिद्ध केली. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्या असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागते याचा अर्थ मरणे थांबलेले नाही. २०१८ साली केरळातल्या तिरुवनंतपुरम येथे मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव कामाला लागला. म्हणजे यंत्र आहे, इच्छाशक्ती नाही. यंत्राने माणसाची जीवघेण्या कष्टातून सुटका करावी, त्याला फुरसत आणि संस्कृती मिळवून द्यावी, म्हणून बाबासाहेब यंत्रयुगाचे समर्थक होते आणि याच मुद्द्यावर त्यांनी गांधीजींच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला. त्यांच्या देशात मौल्यवान यंत्र जपले जाते आणि माणूस खाली सोडला जातो, यापेक्षा लाजिरवाणे काय?

म्हणून आपल्या तरुण लेखकांना सांगावेसे वाटते की विज्ञानकथा हे परके क्षेत्र समजू नका. जयंत नारळीकरांनी आणि इतरांनी मराठीत ही वाट रुळवली आहे. रोबोट हा शब्द ज्या वेठीतून आला ती वेठ आपल्या माणसांनी भोगली आहे. तिच्या खाणाखुणा आपल्याइतक्या कुणाला ठाऊक असतील? लिहा. तुमच्या यंत्रमानवाला भावना अवश्य द्या, पण प्रेक्षकांचे रुमाल ओले करण्यासाठी देऊ नका. त्याला दात खाऊ द्या, हातातले काम खाली ठेवू द्या, 'नाही' म्हणू द्या. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आले काय आणि न आले काय, त्याला कुणी यंत्र म्हणणार नाही.